कोपऱ्यातल्या खोलीच्या मोठ्या सिस्टर

वाशीपासून उरणपर्यंत जेवढे म्हणून दंड आहेत ते सगळे आपल्या अखत्यारीत येतात, अशी मोठ्या सिस्टरांची समजूत होती. आणि मी जे पाहिलं त्यावरून ती फारशी चुकीची नव्हती. माणूस समोर आला की आपण त्याचा चेहरा बघतो, फार तर पायातली चप्पल बघतो. मोठ्या सिस्टर आधी दंड बघायच्या. खांद्याच्या हाडाखाली दोन-तीन बोटांवर जो मांसल उंचवटा असतो तिथे त्यांची नजर जाऊन टेकायची आणि मग त्या विचारायच्या, "बीची झाली काय?" बी म्हणजे हिपॅटायटिस बी. ही कावीळ रक्तातून पसरते, आणि हॉस्पिटलात काम करणाऱ्या माणसाला वापरलेली एक सुई टोचली तरी ती होऊ शकते. तिच्यावर लस आहे, तीन डोसांची. पहिला आज, दुसरा महिन्याने आणि तिसरा सहाव्या महिन्याला. पहिला डोस लोक उत्साहाने घेतात, दुसरा भिडेखातर घेतात आणि तिसरा विसरतात. मोठ्या सिस्टरांचं अर्धं आयुष्य त्या तिसऱ्या डोसाच्या पाठलागात गेलं.

आमचं हॉस्पिटल वाशी आणि तुर्भ्याच्या मधे, मार्केटच्या अंगाला आहे. उन्हाळ्यात लॅबची खिडकी उघडली की स्पिरिटच्या वासात हापूसचा वास मिसळतो. मोठ्या सिस्टर तिथे डायलिसिस विभागाच्या इन्चार्ज होत्या. 'मोठ्या' हे विशेषण त्यांना वयामुळे लागलं की आवाजामुळे, हे मला कधी कळलं नाही. उंचीमुळे तर नक्कीच नाही. औषधांच्या कपाटाचा वरचा कप्पा त्यांना पुरत नसे. त्यासाठी त्यांनी एक लोखंडी स्टूल बाळगलं होतं आणि ते त्या कुणाला उचलू देत नसत. काखोटीला स्टूल मारून मोठ्या सिस्टर निघाल्या की वॉर्डातली माणसं आपापल्या बाह्या खाली ओढून घेत. खाडीकाठच्या एका जुन्या गावात त्यांचा जन्म झाला होता. आई मासे विकायची. ते गाव आता चारी बाजूंनी उंच इमारतींनी वेढलंय, पण सिस्टरांच्या बोलण्यात ते जसंच्या तसं उरलं होतं. वीस-पंचवीस वर्षं डॉक्टरांच्या सहवासात काढूनही त्यांच्या तोंडी 'आहे'चं 'हाय' राहिलं, आणि 'ण' हे अक्षर त्यांनी लॅबच्या रिपोर्टापुरतंसुद्धा वापरलं नाही.

त्यांची माझी पहिली गाठ मी कामावर रुजू झालो त्याच दिवशी पडली. पाडव्याचा दुसरा दिवस होता. मी डोंगरापलीकडच्या एका लहान गावातला. वडिलांचं एसटी स्टँडसमोर सायकल-पंक्चरचं दुकान. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं, त्यामुळे वडिलांनी माझं बी.एस्सी.चं सर्टिफिकेट तालुक्याला नेऊन लॅमिनेट करून आणलं होतं. त्याला ओल लागू नये, वाळवी लागू नये, कुणाचे तेलकट हात लागू नयेत. ते सर्टिफिकेट छातीशी धरून मी ऑफिसबाहेर उभा होतो. मोठ्या सिस्टर समोरून आल्या. त्यांनी आधी माझा दंड बघितला, मग सर्टिफिकेट बघितलं, त्याच्यावर नखाने टकटक वाजवून बघितलं आणि म्हणाल्या, "डिग्रीला लॅमिनेशन केलंस, ते बरं केलंस. आता तुला करू. बाही वर." ऑफिसातला साहेब सही करण्याआधी माझा पहिला डोस झाला होता. दंड दोन दिवस ठणकत होता. गावाकडे फोन करून मी आईला सांगितलं की नोकरी लागली आणि पहिल्याच दिवशी फुकट इंजेक्शन मिळालं. आईने विचारलं, "तुला काय झालंय?" काहीच झालेलं नसताना माणसाची काळजी घेतात, हे आमच्या घरी नवीन होतं.

कुणाचा कितवा डोस कधी, हे मोठ्या सिस्टर लिहून ठेवत नसत. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर ते सगळं होतं, पण त्यावर त्यांचा विश्वास नव्हता, कारण कॉम्प्युटर कुणाच्या मागे धावत नाही. त्यांचा हिशोब सणांवर चाले. पाडव्याला पहिला, अक्षय तृतीयेला दुसरा, घट बसले की तिसरा. गणपतीत सुरुवात केली तर नवरात्रात दुसरा आणि शिमग्याला तिसरा. ही पद्धत इतकी पक्की होती की आमच्याकडे होळीच्या पोळीपेक्षा तिसऱ्या डोसाची आठवण आधी व्हायची. एका वर्षी मधे अधिक महिना आला. सगळे सण महिन्याने पुढे गेले आणि आता मोठ्या सिस्टरांची फजिती होणार म्हणून लोक वाट बघत बसले. त्यांनी सगळ्यांना निरोप धाडला की यंदा अधिक हाय, कुनी घटाची वाट बघू नका, पितरांनाच या. त्याप्रमाणे पितृपक्ष लागला त्याच दिवशी आमच्याकडे रांग लागली. डोस घेऊन परतणाऱ्या एका वॉर्डबॉयने कावळ्याला घास ठेवल्यासारखा कापसाचा बोळा खिडकीत ठेवला, त्याबद्दल त्याला वेगळं ऐकावं लागलं.

डॉक्टरांनाही सुटका नव्हती. एक सर्जन होते, हाताला अतिशय हुशार. त्यांना तिसऱ्या डोसाला वेळ मिळत नव्हता. आज मोठं ऑपरेशन, उद्या परिषद, परवा सासुरवाडी. मोठ्या सिस्टर त्यांच्या केबिनला, गाडीला, कॅन्टीनला खेटे घालून थकल्या, आणि मग एक दिवस थेट ऑपरेशन थिएटरच्या बेसिनपाशी उगवल्या. सर्जन कोपरापर्यंत हात धुऊन, ते हवेत वर धरून उभे होते. अजून गाऊन चढवायचा होता. अशा वेळी त्यांना कशाला शिवता येत नाही, दार ढकलता येत नाही आणि पळता तर मुळीच येत नाही. सिस्टरांनी स्टूल ठेवलं, त्यावर चढल्या, त्यांची अर्धी बाही वर सारली आणि काम उरकलं. सर्जन हात वर केलेल्या अवस्थेत शरण आल्यासारखे दिसत होते, असं थिएटरमधली मंडळी अजून सांगतात. मला सिस्टर एवढंच म्हणाल्या, "हात धुतलेला डॉक्टर नि जाल्यातला जिताडा, दोघांना पलता येत नाय."

सफाईच्या मावशींची गोष्ट मात्र हसण्यासारखी नव्हती. कचऱ्याच्या पिशव्या त्याच उचलायच्या, आणि कुणीतरी निष्काळजीपणे टाकलेली सुई पिशवीतून आरपार येऊन त्यांनाच टोचायची. पण त्या कंत्राटदाराच्या, आमच्या नव्हेत, म्हणून त्यांना लस देण्याचा प्रश्न येत नाही, असं ऑफिसचं म्हणणं होतं. मोठ्या सिस्टर मीटिंगमध्ये हात बांधून उभ्या राहिल्या. बाकी सगळे बोलून झाल्यावर त्यांनी विचारलं, "साहेब, सुईला कंत्राट वाचता येतं काय?" पुढच्या नारळी पौर्णिमेला सगळ्या मावशी रांगेत उभ्या होत्या आणि सिस्टर प्रत्येकीला नारळाचा तुकडा देत होत्या. वापरलेल्या सुईवर परत टोपण लावायला गेलं की हमखास बोटाला टोचतं, म्हणून तसं करणाऱ्यावर त्यांचा विशेष राग. शिकाऊ नर्सने टोपण हातात घेतलेलं दिसलं की त्या लांबूनच ओरडायच्या, "तिला टोपी कशाला घालतंस गो? लगीन हाय काय तिचं? डब्यात टाक."

आणि लस द्यायची ती दंडावरच, हा त्यांचा सगळ्यात कडक नियम. आमच्याकडे एक वॉर्डातले मामा आहेत, अंगाने पैलवानासारखे. गणपतीत त्यांना ढोल वाजवायचा असतो. दंड दुखला तर टिपरू कसं धरणार, म्हणून त्यांनी एकदा हळूच सुचवलं की कमरेवर दिली तर नाही का चालणार. त्या दिवशी मोठ्या सिस्टरांनी सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं व्याख्यान दिलं. कमरेवरची लस चरबीत जाऊन झोपते, तिला कोण उठवणार? दंडातली लगेच कामाला लागते. ढोल महत्त्वाचा की लिव्हर? मामांनी मुकाट्याने दंड दिला आणि त्या वर्षी झांज वाजवली.

पण हा सगळा पसारा वरवरचा होता. मोठ्या सिस्टरांचा खरा जीव कोपऱ्यातल्या एका खोलीत होता. ज्या डायलिसिसच्या रुग्णांना बीची लागण आहे त्यांचं मशीन वेगळं ठेवावं लागतं, खोली वेगळी आणि माणसंही वेगळी. विभागात सगळ्या बाजूंना पडदे होते. या खोलीला दार होतं. तिथे काम करायला लोक नाखूश असत. सिस्टरांनी ती खोली स्वतःकडे घेतली होती आणि तिचा एक कायदा केला होता: ज्याचा डोस पुरा नाही त्याने उंबरा ओलांडायचा नाही, मग तो डॉक्टर असो की इलेक्ट्रिशियन. त्या खोलीत आठवड्यातून दोनदा तात्या यायचे. तात्या सातारकडचे. कांदा-बटाटा मार्केटात त्यांनी पाठीवर गोणी वाहण्यात जन्म घालवला होता. मूत्रपिंडं गेली, आणि तपासण्यांत बी निघाली. ती कुठून आली हे कुणालाच सांगता आलं नाही. आधीच्या ठिकाणी त्यांना म्हणे लांबून हात लांबवून मशीनला जोडायचे, अंगाला चटका बसल्यासारखं. मोठ्या सिस्टर मात्र ग्लोव्ह, एप्रन, चष्मा असा सगळा साज चढवून त्यांच्या पलंगाला खेटून बसायच्या, त्यांचा हात मांडीवर घ्यायच्या आणि शीर शोधता शोधता भांडायला सुरुवात करायच्या.

भांडण बहुतेक पाण्यावरून. डायलिसिसच्या माणसाला पाणी मोजून प्यावं लागतं. तात्या वजनकाट्यावर उभे राहिले की काटा खरं बोलायचा. सिस्टर विचारायच्या, "तात्या, खाडी पिऊन आलाव काय?" तात्या म्हणायचे, "न्हाई वो सिस्टरबाई. दोन घोट ताक फकस्त." मग त्या दोन घोटांची उलटतपासणी चालायची. ताक कुणी दिलं, किती मोठ्या ग्लासात, त्यात बर्फ होता का. तात्या एकेक गोष्ट कबूल करत जायचे आणि मशीन सुरू होऊन तास उलटला की शेवटी उसाचा रसही निघायचा. बाहेर बाकावर बसलेल्या त्यांच्या बायकोला दारातून हे सगळं ऐकू यायचं आणि ती पदर तोंडाला लावून हसायची. एकदा रक्ताचा नमुना घ्यायला मी आत गेलो तेव्हा तात्या मला म्हणाले, "ह्या बाईंची ड्यूटी नसली की ते चार तास चार दिसागत जात्यात." सिस्टर पाठमोऱ्या होत्या. त्यांनी ऐकलं नाही असं दाखवलं, पण त्या दिवशी त्यांनी ताकाचा विषय काढला नाही.

सिस्टरांच्या निवृत्तीला वर्षाहून कमी राहिलं असताना हॉस्पिटलची तपासणी करायला बाहेरची मंडळी येणार असं ठरलं. त्या तयारीत ऑफिसने जाहीर केलं की कोपऱ्यातल्या खोलीत जाणाऱ्या प्रत्येकाच्या अँटीबॉडी तपासायच्या. लस घेतली हे ठीक, पण ती अंगी लागली की नाही हे रक्तच सांगतं. आकडा दहाच्या वर गेला तर माणूस पास. लोक रक्त द्यायला कुरकुरायला लागले, तेव्हा मोठ्या सिस्टर लॅबमध्ये आल्या, माझ्यासमोर खुर्चीत बसल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "घे रे रक्तवाल्या, पयला माजा घे. मंग बघते कोन पलतो ते." लॅबवाल्या सगळ्यांना त्या रक्तवाला म्हणत. मी रक्त घेतलं. संध्याकाळी बाकीच्यांबरोबर त्यांची नळी मशीनमध्ये लावली. कुणाचे शेकड्यात आकडे आले, कुणाचे हजाराच्या घरात. ढोलवाले मामा विभागात पहिले आले. मोठ्या सिस्टरांच्या नावापुढे शून्य आलं.

मी मशीनला दोष दिला. पुन्हा तपासलं, पुन्हा तेच. त्यांना सांगितलं तेव्हा त्या मनापासून हसल्या आणि माझ्याकडून नळ्यांची अदलाबदल झाली असणार असं म्हणून दुसरा हात पुढे केला. त्याही रक्तातून शून्यच निघालं. मग आमच्या लॅबच्या डॉक्टर मॅडमनी त्यांना बोलावून घेतलं. मॅडम शांत स्वभावाच्या. त्यांनी आधी बाकीच्या तपासण्या करून घेतल्या आणि सिस्टरांना आजार नाही, कधी होऊनही गेलेला नाही, हे पक्कं केलं. मग त्यांनी विचारलं, लस कधी घेतली होती? सिस्टर म्हणाल्या, नोकरीला लागले तेव्हा, तिन्ही डोस, अगदी वेळेवर. मॅडम म्हणाल्या, "दंडावरच ना?"

मोठ्या सिस्टरांना उत्तर द्यायला वेळ लागलेला मी त्याच दिवशी पाहिला. त्या खिडकीकडे बघत होत्या. तिकडेच बघत म्हणाल्या, "कमरेवर."

गोष्ट साधी होती. त्या नुकत्याच नर्स झाल्या होत्या, पनवेलकडच्या एका लहान दवाखान्यात. लस आली तेव्हा त्यांनी आणि त्यांच्या मैत्रिणीने सामानाच्या खोलीत कडी लावून एकमेकींना टोचली. तेव्हा सगळी इंजेक्शनं कमरेवरच द्यायची रीत. आणि दंड दुखवून चालणारच नव्हतं, कारण ड्यूटी संपली की सिस्टर आईच्या हाताखाली बाजारात बसायच्या. उजव्या हाताने कोयता, डाव्या हाताने मासा. हात अवघडला तर सुरमईच्या तुकड्या कोण करणार? पुढे दंडाचा नियम त्या शिकल्या, शेकडो लोकांना शिकवला, त्यावरून भांडल्या. पण आपली स्वतःची लस त्या नियमाच्या आधीची आहे हे त्यांच्या कधी डोक्यातच आलं नाही. आपलं झालंय, एवढंच त्यांना पक्कं ठाऊक होतं. मॅडमनी समजावलं की कमरेवर घेतलेली लस पुष्कळदा लागू पडत नाही, पुन्हा तिन्ही डोस घेऊन बघू. काही जणांना दंडावर घेऊनही लागू पडत नाही, तेव्हा आधीच काही सांगता येणार नाही. सिस्टर उठल्या. दारात थांबून माझ्याकडे बघून म्हणाल्या, "म्हंजे एवढी वरसं मी बिनलॅमिनेट फिरतंय." आणि निघून गेल्या. जाताना त्या नेहमीपेक्षा भिंतीच्या कडेने चालत होत्या.

ऑफिसने समजूतदारपणा दाखवला. आता राहिलेत किती महिने, चौकशीच्या टेबलावर बसा, पंख्याखाली आरामात, असं साहेबांनी सुचवलं. लस घेऊन, तपासून, पास होऊन परत त्या खोलीत जायचं म्हटलं तर निवृत्तीच उंबऱ्यावर येऊन ठेपणार होती. सिस्टर म्हणाल्या की टेबलावर बसले तर मी उगाच लोकांचे दंड बघत बसेन, त्यापेक्षा डायलिसिसची बाकीची मशीनं बघते. आणि तात्यांना सोडून निवृत्त होण्याआधी मला त्या खोलीत जायचंय म्हणजे जायचंय. कुणीतरी म्हणालं, लॅबच्या मॅडम आपल्याच आहेत, एखादा डोस लवकर घेऊन टाका. त्यावर त्यांनी सांगितलं की कैरी आधी उतरवली म्हणून तिचा आंबा होत नाही. नारळी पौर्णिमेला त्यांनी पहिला डोस घेतला. तो द्यायचा मान ढोलवाल्या मामांनी मागितला होता. सिस्टरांनी तो विभागातल्या धाकट्या सिस्टरला दिला आणि मामांना बघायला उभं केलं. मामांनी आवाज चढवून विचारलं, "कमरेवर देऊ काय?" मोठ्या सिस्टर हसल्या नाहीत. मामांना नंतर वाईट वाटलं आणि त्यांनी त्यांच्यासाठी भजी आणली.

कोपऱ्यातली खोली धाकट्या सिस्टरकडे आली. ती कामाला चोख होती, पण बोलायला कंजूस. पहिल्या दिवशी तात्यांना लावायचं झालं तेव्हा मोठ्या सिस्टर स्टूल काखोटीला मारून आल्या, खोलीच्या दाराबाहेर ते मांडलं आणि त्यावर बसल्या. कायदा त्यांचाच होता. उंबरा ओलांडला नाही. तात्यांनी आतून विचारलं, "बाई, हितं का न्हाई येत?" त्या म्हणाल्या, "नापास झालेय मी. वर्गाबाहेर उभी केलीय." तात्यांना सगळं समजावून सांगायला लागलं. ऐकून झाल्यावर त्यांनी दाराकडे मान वळवली. मग म्हणाले, "म्हंजे इतकी वर्सं तुमी माझ्यापाशी बसत हुता ते..." सिस्टरांनी वाक्य पुरं होऊ दिलं नाही. काट्याचा आकडा काय आला, असं त्यांनी धाकटीला विचारलं, आणि मग दारातूनच ताकाची उलटतपासणी सुरू झाली.

ते महिने असेच गेले. आपलं काम उरकलं की मोठ्या सिस्टर त्या स्टुलावर. आतलं मशीन वाजलं की त्या बसल्या जागेवरून सांगायच्या, नळी दुमडली असेल बघ गो, तात्या कुशीवर वळले असतील. बहुतेक वेळा तेच असायचं, आणि धाकटी सिस्टर हळूहळू बोलायला शिकली. भाद्रपदाच्या पौर्णिमेला दुसरा डोस झाला, माघी पौर्णिमेला तिसरा. दरम्यान तात्यांची तब्येत उतरत चालली होती. दोनदा त्यांना भरती करावं लागलं. दुसऱ्या वेळी, बाहेर बाकावर बसलेल्या त्यांच्या बायकोशेजारी मोठ्या सिस्टर स्टूल घेऊन बसलेल्या मी पाहिल्या. सिस्टर आपला डावा दंड चोळत होत्या.

पाडवा झाला आणि त्या लॅबमध्ये आल्या. या वेळी कुणाला ऐकवण्यासाठी काही बोलल्या नाहीत. बाही वर केली, तोंड फिरवलं. इतक्या वर्षांत त्यांनी सुईकडे पाठ फिरवलेली मी पाहिली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी निकाल बघितला आणि जिन्याने वर गेलो, कारण लिफ्टला वेळ लागला असता. त्या स्टुलावर बसल्या होत्या. मी म्हणालो, "पास. चौदा." त्यांनी विचारलं, "चौदाच? मामाला तर हजार." मी म्हणालो, दहाला पास असतं, आमच्या शाळेत काठावर पास झालेल्या पोरालासुद्धा वरच्याच वर्गात बसवायचे. त्यांनी यावर थोडा विचार केला. मग उठल्या, ग्लोव्ह, एप्रन, चष्मा असा सगळा साज चढवला आणि उंबरा ओलांडून आत गेल्या. तात्या झोपले होते. सिस्टरांनी त्यांचा हात उचलून मांडीवर घेतला. तात्यांनी डोळे उघडून बघितलं आणि म्हणाले, "आज ताक न्हाई पिलो, खरंच." सिस्टर म्हणाल्या, "मंग उद्या पिया थोडं."

त्यानंतर दोनेक महिन्यांत त्या निवृत्त झाल्या. निरोप समारंभात त्यांना शाल, नारळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. भाषण करा म्हटल्यावर त्यांनी समोरच्या खुर्च्यांवरून नजर फिरवली आणि एका नव्या डॉक्टरला विचारलं, शिमग्याचा तिसरा झाला काय? त्याचा राहिला होता. भाषण तिथेच संपलं. तात्या पुढच्या दिवाळीपर्यंत येत होते; मग ते गेले. त्यांच्या बायकोने मोठ्या सिस्टरांना कळवलं होतं, आणि त्या सातारकडे त्यांच्या गावी जाऊन आल्या असं मला मागाहून समजलं.

गेल्या हिवाळ्यात त्या हॉस्पिटलात आल्या, गुडघा दाखवायला. लॅबमध्ये डोकावल्या. केस पार पिकलेत, आवाज तसाच. बसल्या आणि बाही वर करून म्हणाल्या, "बघ रे रक्तवाल्या, माजे चौदा हायत का सांडले ते." आता त्यांना त्याचा काही उपयोग नव्हता. त्या सुईच्या जवळपासही नव्हत्या. घरी नातवंडं सांभाळत होत्या, मुलगा द्रोणागिरीला गोदामात नोकरीला. तरी मी तपासलं. आकडा दहाच्या खूप खाली गेला होता. मी त्यांना मॅडम सांगतात तेच सांगितलं, की एकदा पास झालेल्या माणसाचा आकडा वर्षांनी उतरतो, त्याने घाबरायचं नसतं. अँटीबॉडी कमी झाल्या तरी शरीराला आठवण राहते. बीशी गाठ पडली तर ते ओळखतं आणि आपणहून उभं राहतं. त्यांनी हे नीट ऐकून घेतलं. "परत डोस नको?" "नको." बाही खाली करता करता त्यांनी माझ्या दंडाकडे एकदा बघितलं, आणि विचारलं की कोपऱ्यातल्या खोलीत आता कोन हाय.

मी त्यांना वर घेऊन गेलो. खोलीत एक तरुण मुलगी मशीनला लावलेली होती, मोबाइलवर काहीतरी बघत. धाकटी सिस्टर आता इन्चार्ज झालीय. तिने सिस्टरांना बघून हात जोडले आणि आत या म्हणाली. आत जायला त्यांना आता कुणी अडवलं नसतं. "नको, माजं हितंच बरं," असं म्हणून त्या दाराबाहेरच्या स्टुलावर बसल्या. ते लोखंडी स्टूल त्या गेल्यापासून तिथेच आहे. कुणी हलवलेलं नाही. त्या मुलीने एकदा मान वर करून या अनोळखी बाईकडे बघितलं आणि परत मोबाइलमध्ये घातली. मी पण उभा राहिलो, कारण खालून बोलावणं आलं नव्हतं.

थोड्या वेळाने मशीन वाजलं. धाकटी सिस्टर औषधाच्या कपाटाशी होती. ती वळायच्या आत मोठ्या सिस्टरांचा हात स्टुलावर बसल्या बसल्या उचलला गेला, जिथे पलंगाच्या कडेला नळी असते बरोबर तेवढ्या उंचीवर गेला, आणि दोन बोटांनी हवेतच काहीतरी सरळ केलं. आत धाकटीने नळी सोडवली. मशीन गप्प झालं. मोठ्या सिस्टरांनी आपल्या हाताकडे बघितलं, आणि तो मांडीवर ठेवून दिला.